पहाऱ्यावरची रम

नलिनी कुरुंदवाडकर या बाईचं आडनाव चंदीगडात कुणालाही कधी धड उच्चारता आलं नाही. भाजीवाल्यापासून शेजारच्या बत्रांपर्यंत सगळे तिला ‘कुरुक्षेत्रवाली बहनजी’ म्हणायचे. ती मिरजेची. पण कुरुक्षेत्र चंदीगडहून जवळ, त्यामुळे लोक तिला विचारायचे, यंदा सूर्यग्रहणाच्या मेळ्याला माहेरी जाणार का? सुरुवातीला ती सगळ्यांना महाराष्ट्राचा नकाशा समजावून सांगायची. पुढे तिनं तो नाद सोडला. सोडून दिलेल्या मोजक्या गोष्टींपैकी ती एक. बाकी एखादी गोष्ट तिच्या मनाला खुपली की ती समोरच्याला सुखानं बसू द्यायची नाही, आणि हे तिच्या नवऱ्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं.

नवरा कृष्णकांत केंद्र सरकारच्या ऑडिट ऑफिसात. बदली झाली तेव्हा तीन वर्षांची म्हणून आले आणि तिथेच अडकले. मुलगी स्मिता कॉलेजात जायची. आईचं मराठी तिला सगळं कळायचं, पण उत्तर हिंदीत यायचं. त्यांची सरकारी क्वार्टर्स एका मोठ्या बागेभोवती होती. सगळी एका साच्यातली, तीच लाल विटांची जाळी, तेच हिरवे दरवाजे.

सत्त्याऐंशी सालच्या पावसाळ्यानंतर शेजारच्या सेक्टरातल्या मार्केटमध्ये संध्याकाळी गोळीबार झाला. स्कूटरवरून दोघे आले, गोळ्या झाडल्या आणि निघून गेले. दोन दुकानदार मेले. त्यानंतर प्रत्येक वसाहतीनं आपापला ठीकरी पहारा बसवावा असं ठरलं. म्हणजे रहिवाशांनीच पाळीपाळीनं रात्रभर गस्त घालायची. पूर्वी खेड्यात खापराच्या तुकड्यांवरून पाळ्या ठरायच्या म्हणून ठीकरी, असं ठाकूरसाहेब सांगायचे. हे ठाकूरसाहेब म्हणजे कांगड्याकडचे निवृत्त सुभेदार. मुलाच्या क्वार्टरमध्ये राहायचे. वसाहतीत बंदूक फक्त त्यांच्याकडे, आणि दर महिन्याला चंडीमंदिरच्या लष्करी कॅन्टीनमधून मिळणारी रमही त्यांच्याकडेच.

पहिले काही दिवस पहारा मोठ्या शिस्तीत चालला. शिट्ट्या, काठ्या, टॉर्च. नलिनीलाही बरं वाटलं, कारण त्या दिवसांत संध्याकाळनंतर दाराची कडी वाजली तरी ती आधी खिडकीच्या फटीतून बघायची. मग थंडी पडली. बागेच्या कोपऱ्यात शेकोटी आली आणि शेकोटीपाशी बाटली आली.

कृष्णकांत जन्मात दारूला न शिवलेला माणूस. एके दिवशी पहाटे तो घरी आलाच नाही. नलिनी शोधायला निघाली तर तो तीन घरं पलीकडे, अगरवालांच्या व्हरांड्यात, काठी उशाला घेऊन घोरत होता. सगळी घरं सारखीच आहेत, चूक कुणाचीही होऊ शकते, असं त्यानं तोंडाला वास येत असताना तिला समजावलं. ती काही बोलली नाही, कारण अगरवालांची सून दारात उभी राहून बघत होती. घरी आल्यावर मात्र बोलली.

त्याचं म्हणणं असं की सगळे घेतात. एकट्यानं चहाचा ग्लास धरून बसलं की बत्रा चेष्टा करतो. आणि थंडी असते, नलू, तुला काय सांगू.

थंडी आहे ना, मग चहा देते, असं म्हणून तिनं मोठी किटली काढली आणि आलं घातलेला चहा रोज रात्री पाठवायला सुरुवात केली. आठवडाभरानं तिला कळलं की चहा फार चांगला होतो, कारण त्यात रम उत्तम मिसळते. तिनं कपाळावर हात मारून घेतला आणि किटली माळ्यावर टाकली.

त्या महिन्यात एकेक प्रकार घडत गेले. एकजण पावसाच्या पाण्याच्या नाल्यात पडून मनगट मोडून बसला. दोघांनी अंधारात एकमेकांनाच अतिरेकी समजून काठ्यांनी झोडपलं आणि सकाळी टाके घालून आले. हॉस्पिटलात हाडांच्या विभागात असणारे डॉक्टर माधव केतकर तिच्या ओळखीचे होते, गणपतीत भेटायचे. त्यांना तिनं हे सांगितलं तर ते थकल्यासारखे हसले. म्हणाले, “वहिनी, तुमच्याच वसाहतीत नाही. या थंडीत मी जेवढे पाय आणि मनगटं जोडली, त्यातली कितीतरी पहाऱ्यावरची. सगळे सांगतात, धुक्यात पाय घसरला. धुक्याला रमचा वास येतो हे मला इथे आल्यावर कळलं.”

नलिनीला हसू आलं नाही. तिनं वसाहतीच्या कमिटीचे सेक्रेटरी बत्रा यांना गाठलं. बत्रा सचिवालयात सुपरिंटेंडंट, गोरेपान, बोलायला गोड. तिचं म्हणणं साधं होतं. प्या नाहीतर पहारा द्या, दोन्ही एकदम नको, आणि ज्या हाताला बंदूक आहे त्या हाताला ग्लास तर नकोच. बत्रांनी मान डोलावून ऐकलं आणि रविवारी मीटिंग बोलावली. मीटिंगमध्ये तासभर चर्चा होऊन ठराव झाला की पहाऱ्यावर थोडी-थोडीच घ्यावी. टाळ्याही वाजल्या. नलिनीच्या शेजारी बत्रांची बायको सरला बसली होती. तिच्या उजव्या हाताला प्लास्टर होतं, बाथरूममध्ये पडले म्हणाली होती. टाळ्या वाजवता येत नसल्यानं ती मांडीवरच्या प्लास्टरकडे बघत राहिली. नलिनीनं ते पाहिलं, पण त्या दिवशी तिचा सगळा राग ठरावावर होता.

जानेवारीत धुकं असं उतरलं की बागेच्या या टोकावरून ते टोक दिसेना. एका सकाळी कृष्णकांत घरी आला तो बूट न काढताच खुर्चीवर बसला. गोळीबार झाला, म्हणाला. बाहेरून कुणीतरी आले, आमच्यावर गोळ्या झाडल्या, बत्रानं उलट बार काढला, एकजण सापडला, बाकीचे पळाले. पोलिस येऊन गेले. हे सगळं तो तिच्याकडे न बघता सांगत होता आणि खोलीभर रमचा दर्प होता. तिनं त्याच्या अंगावर कुठे काही लागलंय का ते चाचपून बघितलं, गरम पाणी दिलं, झोपवलं. मग पातेलं घेऊन दुधाची वाट बघत दारात उभी राहिली.

दूध आलं नाही.

त्यांचा दूधवाला निरंजनसिंग नावाचा वयस्क शीख. शहराबाहेरच्या गावातून पहाटे सायकलला किटल्या लावून यायचा. थंडीत डोक्यावरून पायापर्यंत घोंगडी गुंडाळलेली, फक्त दाढी आणि डोळे दिसायचे. इतक्या वर्षांत तो एकदाही चुकला नव्हता. कर्फ्यू असला तरी मागच्या गल्लीतून यायचा. दुपारी स्मिता कॉलेजातून आली ती बातमी घेऊनच. मैत्रिणीच्या घरी तोच दूध घालायचा. “मम्मी, अपना निरंजन अंकल हॉस्पिटल में है। पुलिस कह रही है टेररिस्ट है।”

नलिनी तशीच रिक्षा करून हॉस्पिटलात गेली. वॉर्डच्या टोकाला, खिडकीशी, खाटेवर निरंजनसिंग होता. मांडीला आणि गुडघ्याला पट्ट्या, एक हात बेडीनं खाटेला बांधलेला, शेजारी स्टुलावर बंदूकधारी शिपाई. पायाशी त्याची बायको जमिनीवर बसली होती. शिपायानं नलिनीला जवळ जाऊ दिलं नाही. निरंजनसिंगनं तिला ओळखलं. त्यानं काही तक्रार केली नाही. फक्त म्हणाला, “बीबीजी, आज दूध नहीं दे सका।” त्याची बायको मात्र म्हणाली, “एक बार आवाज़ ही दे देते। नाम पूछ लेते। रोज़ का आदमी था।”

घरी येईपर्यंत नलिनीच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. आणि त्या आगीखाली एक गार भीती होती, कारण त्या रात्री पाळीवर तिचाच नवरा होता.

कृष्णकांत उठून चहा पीत बसला होता. तिनं दार लावून घेतलं.

“तुम्ही कुणी आवाज दिलात का त्याला?”

त्यानं कप खाली ठेवला.

“मी विचारते, थांब, कोण आहेस, असं कुणी म्हणालं का?”

“बत्रा म्हणाला असेल. माझ्या लक्षात नाही.”

“लक्षात नाही, की शुद्धीत नव्हता?”

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. ठाकूरसाहेब भाच्याच्या लग्नाला गावी गेले होते. जाताना बंदूक बत्राकडे ठेवून गेले आणि बाटल्याही. धुक्यात घोंगडी पांघरलेला माणूस दिसला, सायकलच्या किटल्या खणखणल्या, आणि बत्राला वाटलं हत्यारं आहेत. बाहेरून एकही गोळी आली नव्हती. निरंजनसिंग कळवळून ओरडला तेव्हाच त्यांनी त्याचा आवाज ओळखला. पण तोवर कुणीतरी पोलिसांना फोन केला होता, आणि पोलिस आल्यावर बत्रा बोलत गेला आणि बाकीचे माना हलवत गेले.

“आता सांगून काय होणार?” कृष्णकांत म्हणाला. “मलाच आत टाकतील. सरकारी नोकरी आहे माझी, नलू.”

“आणि त्याच्या म्हशी सरकारी आहेत होय?”

तो रडायला लागला. नलिनीला त्याची कीव आली आणि कीव आल्याचा आणखी राग आला. इतकी वर्षं ज्या माणसानं ऑफिसची पेन्सिलसुद्धा घरी आणली नव्हती, त्यानं एका निरपराध माणसाला अतिरेकी ठरवायला मान हलवली होती. तिला वाटलं, हा वाईट असता तर बरं झालं असतं, भांडून मोकळी झाले असते. हा नुसता मऊ आहे. ज्यानं थापटावं त्याच्या हाताचा आकार घेतो.

दुसऱ्या दिवशी पेपरात दोन ओळी आल्या की जागरूक रहिवाशांमुळे हल्ला टळला. बत्रांच्या घरी माणसं अभिनंदनाला जात होती. नलिनीनं कृष्णकांतला चौकीवर चला म्हणून सकाळी सांगितलं, दुपारी ऑफिसात फोन करून सांगितलं, संध्याकाळी जेवायला न वाढता सांगितलं. तो उद्या म्हणत राहिला.

त्या संध्याकाळी ठाकूरसाहेब गावाहून परतले. ते हातपाय धुतात न धुतात तोच नलिनी त्यांच्या दारात. तिनं उभ्याउभ्या सगळं सांगितलं. म्हातारा ऐकून घेत होता, आणि आधी चिडला तो भलत्याच गोष्टीवर, बंदूक साफ न करता ठेवल्याबद्दल. नलिनीला वाटलं, संपलं, याच्याकडूनही काही होणार नाही. ती परत जायला वळली. मग ठाकूरसाहेब आत गेले, कोट घालून बाहेर आले आणि म्हणाले, “बंदूक मेरी, रम मेरी। अब बाकी किसकी बात रह गई? चलिए।”

सुभेदार पुढे निघालेले पाहून कृष्णकांतही चप्पल घालून मागे गेला. त्याला कुणाच्या तरी मागे जायचंच होतं. यावेळी माणूस चांगला मिळाला, एवढंच.

चौकीवरच्या अधिकाऱ्याला हे मुळीच आवडलं नाही. एक पकडलेला अतिरेकी होता, तो आता दूधवाला होत होता. त्यानं तिघांना बराच वेळ बसवून ठेवलं, नशेत असलेल्या माणसाची साक्ष कोण मानणार म्हणाला, बत्रांना बोलावलं. बत्रांनी सरळ कानांवर हात ठेवले. सुभेदार तर त्या रात्री चंदीगडातच नव्हते, आणि कृष्णकांतला काय दिसलं असणार, असं ते म्हणाले, आणि त्यात खोटं काही नव्हतं.

चौकीवरून परतल्यावर रात्रीची जेवणं उरकत असताना सरला बत्रा नलिनीकडे आली. नलिनीला वाटलं, नवऱ्यासाठी पदर पसरायला आली. तिनं मनातल्या मनात नकाराची वाक्यंही जुळवली. सरला बसली नाही. शालीखालचा हात नीट करत म्हणाली, “उन्होंने उसी सुबह रोते-रोते मुझे सब बता दिया था। कल मैं भी चलूँगी।” मग थोडं थांबून म्हणाली, “मैं बाथरूम में नहीं गिरी थी, बहनजी।”

नलिनीनं तिला खुर्ची दिली. मीटिंगमध्ये आपण तिच्याशेजारी बसून ठरावावर धुसफुसत होतो, हे आठवून नलिनीला स्वतःचाच संताप आला.

सरला खरंच चौकीवर गेली. बायकोला दारातून आत येताना पाहिल्यावर बत्रांचं गोड बोलणं बंद पडलं. निरंजनसिंगची बेडी निघाली. बत्रांवर गुन्हा नोंदला गेला, पण वरून खालून शब्द पडून प्रकरण अपघातावर मिटलं. उपचाराचा खर्च त्यांनी दिला. ठाकूरसाहेबांचा बंदुकीचा परवाना जप्त झाला. कृष्णकांतला काहीच झालं नाही, आणि त्या गोष्टीचीच त्याला बरेच दिवस लाज वाटत राहिली.

वसाहतीनं मात्र नलिनीशी बोलणं टाकलं. घरातली गोष्ट चव्हाट्यावर नेली म्हणे. दहशतवादाच्या दिवसांत आपल्याच माणसांचं मनोबल खच्ची केलं म्हणे. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, म्हणत तिनं सगळं ऐकून घेतलं आणि पुढच्या मीटिंगला पहिल्या रांगेत जाऊन बसली. पहारा पाहिजे, पण शुद्धीतल्या माणसांचा, एवढं एकच वाक्य ती तीनतीनदा बोलली. लोक कंटाळून उठायला लागले तेव्हा ठाकूरसाहेब उभे राहिले आणि कवायतीच्या आवाजात सगळ्यांना खाली बसवलं.

तेव्हापासून काठ्या, शिट्ट्या आणि टॉर्च एका पत्र्याच्या ट्रंकेत राहू लागले आणि ट्रंकेची किल्ली बायकांकडे आली. बागेत मुलांनी चुन्यानं आखलेलं बॅडमिंटनचं कोर्ट होतं. पाळीवर येणाऱ्यानं कोर्टाच्या लांब रेघेवरून पावलापुढे पाऊल टाकत जायचं, परत यायचं, मगच काठी मिळायची. टोकाला ठाकूरसाहेब मफलर गुंडाळून उभे, ट्रंकेपाशी नलिनी आणि सरला.

पहिल्या संध्याकाळी निम्मे लोक रागानं परत गेले. एकाचं म्हणणं, रेघच वाकडी आहे. एकाला अचानक गुडघेदुखी झाली. अगरवाल तर म्हणाले की मी प्यायलेला नाही, पण तुम्ही बघत असलात की माझा तोल जातो. त्यांना दोनदा चालू दिलं. कृष्णकांत आला तेव्हा ठाकूरसाहेब, राहू द्या, म्हणाले. नलिनीनं राहू दिलं नाही. तो मान खाली घालून गेला आणि सरळ परत आला. घरी मात्र दोन दिवस बोलला नाही.

काहीजण काठी मिळाल्यावर प्यायचे. मग बायकांनी पाळ्या लावल्या, दर थोड्या वेळानं दोघी जाऊन शेकोटीभोवती फेरी मारून यायच्या. माळ्यावरची किटली खाली आली. चहा आता घरूनच काठोकाठ भरलेल्या ग्लासांत जायचा, रमला जागाच उरू नये म्हणून. बत्रांनी बैसाखीपर्यंत एक थेंब घेतला नाही, मग पुन्हा सुरू केली, पण पहाऱ्यावर कधी नाही. सरलाचा हात पुढे कुणी मोडला नाही. तिनं त्याबद्दल काही सांगितलं नाही आणि नलिनीनं विचारलं नाही, पण रोज संध्याकाळी किल्ली देताघेता ती तिच्या मनगटाकडे बघायची.

पुढच्या हिवाळ्यात डॉक्टर केतकरांच्या सांगण्यावरून दुसऱ्या एका वसाहतीनं तिला बोलावलं. गरम सामोसे दिले, सगळं ऐकून घेतलं आणि शेवटी त्यांचे अध्यक्ष म्हणाले, फार छान, पण आमच्याकडे असं कुणी पीत नाही. येताना बसमध्ये ती इतकी चडफडली की कंडक्टरनं तिकिटाचे सुटे न मागताच परत दिले.

निरंजनसिंगचा गुडघा पुन्हा नीट वाकला नाही. सायकल सुटली. या वसाहतीत त्यानं दुसऱ्या दूधवाल्याला लावून दिलं आणि स्वतः कधी आला नाही. नलिनी अधूनमधून रविवारी बसनं त्याच्या गावी जायची. त्याची बायको तिला खाट टाकून द्यायची, ताक द्यायची, फारसं बोलायची नाही. अशाच एका रविवारी दुपारी ती गेली तर निरंजनसिंग गोठ्याच्या भिंतीला टेकून बसला होता, डोळे लाल, शेजारी स्टीलचा ग्लास. वास ओळखायला आता तिला जवळ जावं लागत नव्हतं. गावठी होती.

“टाँग सोने नहीं देती, बीबीजी,” तो म्हणाला.

नलिनीला काय करावं ते कळेना. ओरडावं तर कुठल्या तोंडानं? गप्प बसावं तर तेही जमेना. त्याची बायको दारातून बघत होती, तिच्या चेहऱ्यावर, घ्या, आता सांगा यालाही, असं काहीतरी होतं. नलिनी खाटेवर बसली आणि त्याच्याशी भांडायला लागली. पायाला डॉक्टर आहेत, दुखण्याला गोळी आहे, शेक आहे, आणि हे प्यायल्यानं उद्या तू या म्हशीच्या पायाखाली पडलास तर? तो ऐकत होता. मध्येच म्हणाला, तुमचं खरं आहे. ग्लास मात्र त्यानं हलवला नाही.

दोनदा तिनं त्याच्यासाठी डॉक्टर केतकरांची वेळ घेतली, दोन्ही वेळा तो आला नाही. आता डॉक्टरांनाच गावी यायला ती राजी करत होती. ते म्हणत होते, वहिनी, मला एकच रविवार मिळतो. ती म्हणाली, मलाही एकच मिळतो, सकाळच्या बसनं निघू या.